ओझी वाहणारा चुमा



डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. आफ्रिकेच्या अंतर्भागात फिरलेला हा स्कॉटिश मिशनरी. त्याची ओझी कोणी वाहिली, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. आज आम्ही त्या वाहणाऱ्यांपैकी एकाची, जेम्स चुमाची ओळख करून देत आहोत. त्याचा बाप्तिस्मा आपल्या मुंबईत झाला होता.

चुमा याओ जमातीचा, आजच्या मलावीच्या परिसरातला. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. 1861 साली लिव्हिंगस्टन व अँग्लिकन बिशप मॅकेन्झी यांच्या तुकडीने त्याची सुटका केली. 1864 मध्ये लिव्हिंगस्टन आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईला आला, तेव्हा चुमा सोबत होता. डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत त्याला ठेवण्यात आले (विल्सन कॉलेज ते याच विल्सन यांच्या नावाचे), आणि 1865 च्या डिसेंबरात त्यांनीच त्याला बाप्तिस्मा दिला. बोटीवरचा सुसी मुंबईच्या गोदीत मजुरी करू लागला. नाशिकजवळ शरणपूरलाही त्या काळी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत होती. 1866 च्या जानेवारीत लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या सफरीला निघाला, तेव्हा चुमा, सुसी आणि नाशिकची नऊ मुले त्याच्याबरोबर होती.

पुढची सात वर्षे ताप, चिखल आणि उपासमारीची. बरेच जण सोडून गेले. 1868 मध्ये तर बहुतेक सोबत्यांनी पुढे जायला नकार दिला. खुद्द लिव्हिंगस्टननेही त्यांना फारसा दोष दिला नाही. आम्हीही देणार नाही.

1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. आता या माणसांना हुकूम देणारा कोणी नव्हता. देह तिथेच पुरून ती निघून गेली असती, तर त्यांना कोण काय म्हणणार होते? पण त्यांनी काळीज झाडाखाली पुरले, नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली, देह मिठाने भरून दोन आठवडे उन्हात वाळवला आणि कापडात, सालीत गुंडाळून खांद्यावर घेतला. हजाराहून अधिक मैल, सुमारे नऊ महिने. वाटेत काही जण आजाराने दगावले. कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा म्हणाला. त्यांनी ऐकले नाही. प्रेत वाटेवरून नेण्यास लोकांचा विरोध झाला, तेव्हा देहाचे कापडाच्या गठ्ठ्यासारखे गाठोडे बांधले आणि लोकांची दिशाभूल करण्यासाठी दुसरे खोटे गाठोडे मागे पाठवले.

1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोला समुद्र दिसला. तिथल्या होली घोस्ट धर्मगुरूंच्या कॅथलिक मिशनमध्ये देह ठेवण्यात आला. जिवावर उदार होऊन मृतांना मूठमाती देणारा तोबित आम्हाला इथे आठवतो.

मग ब्रिटिश प्रतिनिधीने देह ताब्यात घेतला, चुमा-सुसींना पगार चुकता केला आणि रजा दिली. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा या सगळ्यांपैकी एकटा जेकब हजर होता, तोही एका मिशन संस्थेच्या खर्चाने. पगार दिला म्हणजे हिशेब संपला, असे तेव्हाच्या सरकारला वाटले असावे. आमच्या मते तो तिथे संपत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कान्टकडून शिकलो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. बागामोयोच्या किनाऱ्यावर नेमके तेच घडले.

लिव्हिंगस्टनचे मित्र जेम्स यंग यांनी खर्च केला, म्हणून चुमा आणि सुसी इंग्लंडला पोहोचले, पण दफन उरकल्यावर. तिथे होरेस वॉलर लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या डायऱ्या छापायला तयार करत होते. त्यांच्यापाशी बसून दोघांनी शेवटच्या दिवसांचा वृत्तांत सांगितला. तो भाग आज जगाला माहीत आहे तो बराचसा त्यांच्या तोंडून. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पदके काढली खरी, पण ती आफ्रिकेत पोहोचेपर्यंत बरेच हमाल पांगले होते.

इंग्रजांनी चुमाला इमानी नोकर म्हणून गौरवले. हा गौरव आम्हाला तोकडा वाटतो. परतल्यावर तो तांड्यांचा प्रमुख झाला. आपल्याकडच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाची कामे डोळ्यांसमोर आणा: माणसे निवडणे, ओझी वाटणे, भांडणे मिटवणे, आजाऱ्याकडे पाहणे. आधी तो बिशप स्टीअर यांच्याबरोबर गेला. मग 1879 मध्ये सोसायटीच्या मोहिमेचा प्रमुख कीथ जॉन्स्टन वाटेतच वारला. उरलेला जोसेफ थॉमसन जेमतेम विशीतला. मोहीम पुढे गेली, सरोवरांपर्यंत पोहोचली आणि 1880 मध्ये जवळजवळ सर्व हमाल सुखरूप घरी परतले. त्या काळच्या तांड्यांत हे फार दुर्मीळ होते.

दोन वर्षांनी, 1882 मध्ये, झांझिबारला चुमा क्षयाने वारला. वय तिशीच्या आसपास.