एक इंचावर थांबलेला ठोसा

मित्रांनो, सुरुवात एका फजितीपासून करतो.

सेकंड इयरला असताना माझ्याकडे कराटेचा ब्राऊन बेल्ट होता. स्पर्धेत मिळालेलं एक सिल्व्हर मेडलही रूमवर खिळ्याला टांगलेलं होतं. सबमिशन संपल्याच्या आनंदात आम्ही चौघं रात्री दत्त चौकाकडे चहा प्यायला गेलो. गाडीला गाडी घासली, एवढ्याशा कारणावरून एका अनोळखी माणसाशी वाद झाला. त्याने माझी कॉलर धरली आणि मी सरावातला सगळ्यात भरवशाचा ठोसा काढला. वेग बरोबर, कंबर बरोबर, नेम बरोबर... आणि ठोसा त्याच्या नाकापासून एक इंचावर येऊन थांबला! चार वर्षांची सवय होती ती. स्पर्धेत तिथे पंचांनी झेंडा वर केला असता. इथे त्या माणसाने माझ्या कानाखाली आवाज काढला. मित्रांनी मध्ये पडून सोडवलं. पुढचं आख्खं सेमिस्टर मेसमध्ये माझं नाव इंच असंच पडलं होतं.

हसू येणं साहजिक आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घुसला तो गेला नाही. पॉइंटच्या स्पर्धेसाठी शिकलेलं कराटे खऱ्या मारामारीत चालतं का? हा प्रश्न फक्त माझ्या गालाचा नव्हता. मुलींच्या होस्टेलवर स्वसंरक्षणाचे वर्ग होतात. तिथे शिकणारी मुलगी उद्या अंधारात याच्या भरवशावर उभी राहणार असेल, तर उत्तर खरं असायला पाहिजे. उत्तर शोधता शोधता मी ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्याच्याविषयी आज लिहितो आहे. त्याला आधुनिक कराटेचा जनक म्हणतात. त्याचं नाव गिचिन फुनाकोशी.

फुनाकोशींचा जन्म १८६८ सालचा, ओकिनावा बेटावरच्या शुरी गावातला. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले, अगदी अशक्त. हा मुलगा फार जगणार नाही असेच घरच्यांना वाटत होते. आजोळी वाढलेल्या या मुलाची शाळेत एका वर्गमित्राशी गट्टी जमली. त्या मित्राचे वडील आझातो हे कराटेचे मोठे जाणकार. त्या काळी ओकिनावात कराटे उघडपणे शिकवत नसत. त्यामुळे फुनाकोशी रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जायचे आणि पहाट व्हायच्या आत परत यायचे. सराव एकच, काता. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली. गुरू ओसरीवर बसून बघणार आणि शिष्य तीच काता महिनोन् महिने करणार. पुढची काता मागायची सोय नाही. आझातोंचे मित्र इतोसु हे त्यांचे दुसरे गुरू. दोन-चार वर्षांत मुलाची तब्येत सुधारली. कराटेने आपल्याला आधी आरोग्य दिले, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर जपली.

डॉक्टर व्हायची त्यांची इच्छा होती. परीक्षेला वय बसावे म्हणून जन्मसालही १८७० असे लावून घेतले होते. पण त्या काळच्या सरकारी नियमाप्रमाणे शेंडीसारखी बांधलेली केसांची गाठ कापल्याशिवाय वैद्यकीय शाळेत प्रवेश नव्हता. जुन्या वळणाच्या घराण्याला ते पटणे शक्य नव्हते. डॉक्टरकी राहिली. पुढे १८८८ मध्ये ते प्राथमिक शिक्षक झाले. ती नोकरी करायची तरी केस कापावेच लागले, आणि तेव्हा घरात मोठा गहजब झाला. जवळजवळ तीस वर्षे हा माणूस दिवसा गुरुजी आणि रात्री शिष्य होता.

याच तरुण वयातला एक प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. देवघरात पूर्वजांपुढे ठेवायच्या मिठाईचा पुडा घेऊन ते रात्री एकटे चालले होते. वाटेत दोन दांडगटांनी अडवले. पंचविशीतला, रोज मुठी घासणारा पहिलवान म्हटल्यावर पुढे काय झाले असेल असे तुम्हाला वाटते? काही नाही. फुनाकोशींनी मिठाईचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गुरूंना सांगितले, तर गुरू रागावले नाहीत, उलट खूश झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे अगदीच मिळमिळीत वाटलं होतं. आता नाही वाटत.

त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली ती १९२२ साली. तोक्योमध्ये शिक्षण खात्याने व्यायाम प्रकारांचे एक प्रदर्शन भरवले होते. ओकिनावाच्या वतीने कराटे दाखवायला त्रेपन्न वर्षांचे फुनाकोशी गेले. दाखवून परत यायचे असा बेत होता. पण ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी आपल्या कोदोकान संस्थेत प्रात्यक्षिक करायला बोलावले. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी, आणि हा माणूस तोक्योतच राहिला.

राहिला म्हणजे कसा, ते आपण होस्टेलवाल्यांनी वाचण्यासारखे आहे. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना एक छोटीशी खोली मिळाली. बदल्यात दिवसा झाडलोट, बागकाम, राखणदारी करायची. मुले वर्गाला गेली की तिथेच कराटे शिकवायचे. पैसे इतके कमी की एकदा जुने कपडे गहाण टाकायची पाळी आली. दुकानातल्या कारकुनाने अपेक्षेपेक्षा बरीच जास्त रक्कम दिली. नंतर कळले की त्याचा धाकटा भाऊ यांच्याकडे कराटे शिकत होता. बायको गावीच राहिली होती. पूर्वजांची पूजा सोडून ती शहरात यायला तयार नव्हती. कराटेवरचे त्यांचे पहिले पुस्तक १९२२ मध्ये निघाले, तर पुढच्याच वर्षीच्या महाभूकंपात त्याचे छपाईचे साचे नष्ट झाले. माणूस खचला नाही.

या सुमारास आपल्याकडेही असेच काही घडत होते. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे काम सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. गावातली विद्या आखाड्याबाहेर काढून सगळ्यांसाठी खुली करायची, ही धडपड दोन्हीकडे सारखीच होती.

फुनाकोशींच्या विद्येला खरे पाठबळ मिळाले ते कॉलेजच्या पोरांकडून. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा क्लब निघाला, मग इतर विद्यापीठांत. आणि इथेच आपल्या प्रश्नाची सुरुवात झाली. पोरं ती पोरं! नुसती काता करून त्यांचं समाधान होईना. हे लागू पडतं का, हे त्यांना समोरासमोर बघायचं होतं. तोक्यो इम्पीरियल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस अंगावर संरक्षक साहित्य चढवून मोकळी झुंज सुरू केली. फुनाकोशींना हे कळले तेव्हा त्यांना ते अजिबात पटले नाही. त्यांनी त्या क्लबशी संबंधच तोडला. त्यांचे एक जुने शिष्य हिरोनोरी ओत्सुका यांनाही झुंजीचा सराव हवा होता. तेही वेगळे झाले आणि पुढे त्यांनी वादो-र्‍यू ही शैली काढली.

चूक कोणाची? आपण इंजिनिअरिंगची माणसं, म्हणून मला विद्यार्थ्यांची बाजू आधी पटते. ड्रॉइंगवर पूल कितीही सुंदर दिसला तरी लोड टेस्ट घेतल्याशिवाय त्यावरून गाडी नेत नाहीत. पण फुनाकोशींची बाजूही पोकळ नव्हती. डोळा, गळा, जांघ, गुडघा इथे मारायचे प्रकार खऱ्या ताकदीने केले तर सोबती अपंग होतो. ते प्रकार गाळले, तर जे उरते तो खेळ होतो. खेळ जिंकायची सवय लागली की माणूस खेळालाच लढाई समजू लागतो. म्हणजे टेस्ट घ्यायची तर नमुना मोडतो आणि नमुना वाचवायचा तर टेस्ट अर्धवट राहते. हा पेच आजही सुटलेला नाही. आणखी एक गोष्ट. फुनाकोशी नुसत्या हवेत ठोसे मारायला सांगत नव्हते. गवताची दोरी गुंडाळलेल्या लाकडी खांबावर, म्हणजे माकिवारावर, पूर्ण ताकदीने मारायचा सराव त्यांच्याकडे होताच. माझ्या चार वर्षांत ठोसा कशावर तरी खरोखर आदळण्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पुढे शिष्यांनी वर्गणी काढून त्यांना स्वतःची व्यायामशाळा बांधून दिली. शोतो हे फुनाकोशींचे कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. त्यावरून तिचे नाव पडले शोतोकान. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा आणि वारसदार गिगो क्षयाने गेला. ओकिनावा युद्धात बेचिराख झाले. तिथून निर्वासित होऊन आलेल्या पत्नीची आणि त्यांची इतक्या वर्षांनी भेट झाली, पण १९४७ मध्ये तीही वारली. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा पुन्हा तोक्योला आला आणि पुन्हा शिकवू लागला.

युद्धानंतर त्या शहरात उपासमार होती, लुटालूट होती. एका रात्री कवितेच्या बैठकीहून ते एकटे परतत असताना एका तरुण लुटारूने त्यांना अडवले. झटापटीत त्याने छत्री उगारली. फुनाकोशी खाली वाकून आत शिरले आणि त्यांनी त्याची जांघ मुठीत आवळली. तो जागच्या जागी खिळला. तेवढ्यात आलेल्या पोलिसाच्या हवाली त्याला केले.

मित्रांनो, हा प्रसंग मी दहा वेळा वाचला असेल. कराटेच्या जनकाने खऱ्या मारामारीत वापरले काय? उंच लाथ नाही. सरळ ठोसा नाही. कुठल्याही स्पर्धेत ज्याला गुण नाही, उलट जे केल्यावर शिक्षा होते, ते वापरले. पण त्याचा फायदा झाला तो एका गोष्टीमुळे. छत्री येत असताना मागे न सरता क्षणात अंतर तोडायचे, ही समज साठ-पासष्ट वर्षांच्या सरावातून आलेली होती. आणि यापुढची गोष्ट जास्त विचार करायला लावते. या विजयाचा त्यांना आनंद झाला नाही. युद्धावरून परतलेला, उपाशी, लाचार माणूस असावा तो. त्याला आपण दुखावले याची त्यांना लाज वाटत राहिली.

२६ एप्रिल १९५७ रोजी फुनाकोशी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली. ते होते तोवर ज्याला त्यांचा विरोध होता, ते काही महिन्यांत सुरू झाले. ठोसा लागण्याआधी थांबवायचा, म्हणजे कोणी मरणार नाही आणि झुंजही होईल, अशी ही तोड होती. दुसरीकडे मासुतात्सु ओयामांनी पूर्ण ताकदीने मारायचे क्योकुशिन कराटे काढले. पण तिथेही चेहऱ्यावर हाताचा ठोसा मना! म्हणजे गाळायचे काहीतरी प्रत्येकालाच लागले.

पॉइंटच्या खेळाचा कळस बघायचा तर तोक्यो ऑलिंपिक आठवा. ७ ऑगस्ट २०२१ ची वजनदार गटाची फायनल. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी आघाडीवर होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजझादेहच्या डोक्याला लागली आणि तो बेशुद्ध पडला. सुवर्णपदक कोणाला? बेशुद्ध पडलेल्याला! ताबा न ठेवता मारले म्हणून हामेदी बाद. खेळाच्या नियमाने हे बरोबरच आहे. पण रस्त्याचा नियम नेमका उलटा आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकत नाही.

मग पॉइंटचे कराटे निरुपयोगी का? तसेही नाही. शोतोकानमध्ये वाढलेला ब्राझीलचा ल्योतो माचिदा २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेविवेट विजेता झाला. तिथे पकडापकडी, खाली पाडणे, सगळे चालते. त्याच्या कामी आले ते कराटेचे अंतर आणि वेळ साधणे. समोरचा कधी हलणार हे ओळखणे आणि तो पोहोचायच्या आत आपण पोहोचणे, हे पॉइंटच्या झुंजीइतके दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळते. पण बाकीच्या गोष्टी, म्हणजे कुस्तीतली पकड, खरा मार देणे आणि सोसणे, त्याने वेगळ्या शिकून घेतल्या होत्या.

माझं उत्तर आता असं आहे. पॉइंटचा सराव डोळे आणि पाय तयार करतो. मूठ तयार करत नाही. मूठ बॅगवर, पॅडवर वेगळी तयार करावी लागते. कॉलर धरली तर काय, दोघे असले तर काय, हातात काठी असली तर काय, याचाही सराव आधी करावा लागतो. नाहीतर ऐनवेळी हात तेच करतो जे त्याने हजार वेळा केले आहे, म्हणजे एक इंचावर थांबतो. आणि चाकू दिसला तर पळणे हाच सर्वोत्तम प्रकार, त्याला कुठलाही बेल्ट लागत नाही.

गेल्या वर्षी होस्टेलच्या मुलींना शिकवायला मला बोलावलं. एका फर्स्ट इयरच्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं की यातलं खरंच काही चालतं का. मी तिला आधी माझी दत्त चौकातली फजिती सांगितली. मग मिठाईचा पुडा आणि छत्री या दोन्ही गोष्टी सांगितल्या. मग आम्ही तो तास ओरडणे, धरलेला हात सोडवणे आणि दाराकडे धावणे यातच घालवला. शेवटी जाड पॅड धरून प्रत्येकीला त्यावर पूर्ण ताकदीने दहा-दहा ठोसे मारायला लावले. पहिले दोन-तीन सगळ्यांचेच अलीकडे थांबले. दहावा मात्र कोणाचाच थांबला नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी