टेलिफोनकर्ते बेल आणि न बोलणारे मूल

अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटले की टेलिफोन आठवतो. बेल स्वतःला मात्र आयुष्यभर कर्णबधिरांचा शिक्षकच मानत.

३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे त्यांचा जन्म झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक. आईला मात्र फारच कमी ऐकू येई. लहानगा बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोले आणि ते तिला समजे.

क्षयाने दोन्ही भाऊ दगावल्यावर १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला गेले. पुढच्याच वर्षी बेल अमेरिकेत बोस्टनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. तिथे मेबल हबर्ड ही त्यांची विद्यार्थिनी झाली. पाचव्या वर्षाच्या सुमारास स्कार्लेट फीव्हरने तिचे ऐकणे गेले होते. पण घरच्यांनी तिच्याशी बोलणे थांबवले नाही, म्हणून तिची वाचा टिकली. १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि १८७७ मध्ये बेल यांनी मेबलशी लग्न केले.

१८७९ मध्ये त्यांनी श्रवणशक्ती मोजण्याचे यंत्र बनवले. १८८६ मध्ये सहा वर्षांच्या हेलन केलरला तिचे वडील त्यांच्याकडे घेऊन आले. बेल यांनी दाखवलेल्या वाटेनेच हेलनला अॅन सुलिव्हन या शिक्षिका मिळाल्या. सांकेतिक भाषेला बेल यांचा विरोध होता. ते मत आज मागे पडले आहे. भाषा खुणांची असो वा तोंडाची, ती मुलाला वेळेत मिळणे महत्त्वाचे. १९२२ मध्ये बेल यांचे निधन झाले. श्रवणचाचणीच्या अहवालातील ‘डेसिबल’ या एककात त्यांचे नाव आजही आहे.

तो अहवाल अनेक घरांत फार उशिरा येतो. बापही उशिराच बोलला होता, मुलगे उशिराच बोलतात, अशी समजूत काढत वर्षे जातात. पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, ‘बाबा-दादा’ असे आवाज काढत नसेल. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. दोन वर्षांला ‘आई, पाणी’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल. तीन वर्षांला त्याचे बोलणे परक्या माणसाला बहुतांशी कळत नसेल, तर थांबू नका. येत असलेले शब्द गेले, तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांना दाखवा.

आधी कानाची तपासणी, मग वाचा-उपचार. भांडे आपटल्यावर मूल दचकते, म्हणून ऐकणे ठीक आहे असे समजू नका. मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटू शकतात. तपासणी अगदी तान्ह्या बाळाचीही होते आणि त्यात दुखत नाही. अनेक जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही मदत मोफत मिळते. तपासणीत काही निघाले नाही, तर एक दिवस गेला; पण दोष असून वाट पाहिली, तर भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे जातात.