साडेतीन वर्षांचे वार्धक्य

२००९ साली ‘पा’ चित्रपट आला आणि प्रोजेरिया हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. मला मात्र या आजाराचे नाव निघाले की लंडनचे एक शल्यविशारद आठवतात, सर जोनाथन हचिन्सन.

२३ जुलै १८२८ रोजी यॉर्कशायरमधल्या सेल्बी गावी, एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढे ते लंडन हॉस्पिटलात रुजू झाले. डोळे, त्वचा, हाडे, कोणताच विषय त्यांना परका नव्हता. जन्मजात उपदंश दातांवरून ओळखण्याची त्यांची खूण वैद्यकाचे विद्यार्थी आजही शिकतात. १८८९ साली ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले.

१८८६ मध्ये त्यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. डोक्यावर केस नाहीत, कातडी विरलेली, चेहरा म्हाताऱ्याचा. कारण ठाऊक नव्हते, उपायही नव्हता. हचिन्सन यांनी जे दिसले ते नेमके नोंदवून ठेवले. १९०४ मध्ये हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी या व्याधीला प्रोजेरिया हे नाव दिले.

कारण सापडायला २००३ साल उजाडले. पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणारे एक प्रथिन असते. त्याच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडला की सदोष प्रथिन तयार होते आणि केंद्रक वेडेवाकडे होते. आपल्या सर्वांच्याच पेशींत डीएनए रोज तुटतो आणि रोज सांधला जातो. या मुलांच्या पेशींत मात्र दुरुस्तीला उशीर होतो, तुटी साचत जातात आणि एरवी सोसवेल असा आघातही जड जातो. २०२० मध्ये अमेरिकेत पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. त्याने आयुष्य काहीसे वाढते, आजार बरा होत नाही.

असे अचूक पाहणारे हचिन्सन एका बाबतीत मात्र हट्टाला पेटले. नीट न टिकवलेले मासे खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, असे त्यांचे ठाम मत होते. हॅन्सेन यांना १८७३ मध्येच त्याचा जंतू दिसला होता. तरी पुरावा शोधत म्हातारपणी हचिन्सन हिंदुस्थानातही येऊन गेले. इथे मासे न खाणाऱ्यांनाही कुष्ठरोग होत होता. पण त्यांनी मत बदलले नाही, आणि २३ जून १९१३ रोजी हॅसलमियर येथे ते निवर्तले.

त्यांचा तो सिद्धान्त आज कोणी मानत नाही. त्या मुलाविषयी मात्र त्यांनी सिद्धान्त मांडण्याची घाई केली नाही, आणि नेमकी तीच नोंद टिकली. एखाद्या गोष्टीचे कारण मी छातीठोकपणे सांगू लागतो, तेव्हा मला हे दोन्ही हचिन्सन आठवतात.