स्तुती-निंदा समान आणि बांद्याचे सोहिरोबानाथ



आजचा श्लोक गीतेच्या १२व्या अध्यायातला १९वा. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच वाटते, तो भक्त देवाला प्रिय, असा त्याचा भाव. वाचायला सोपा, जगायला महाकठीण! हा श्लोक आला की मला आमच्या सिंधुदुर्गातले सोहिरोबानाथ आंबिये आठवतात.

जन्म १७१४चा, पेडण्यातल्या पालये गावचा. मूळ नाव अच्युत. पुढे घर आलं तेरेखोल नदीकाठच्या बांद्याला. तिथे ते कुलकर्णी होते. म्हणजे जमीन-महसुलाचे हिशेब, दप्तर, वर सावंतवाडी दरबाराचा धाक. आपल्यासारखेच नोकरदार म्हणा ना!

मग ती फणसाची गोष्ट. आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. दरबाराचं बोलावणं आलं म्हणून ते बांद्याहून सावंतवाडीला चालत निघाले. वाटेत इन्सुलीच्या रानात भूक लागली, फणस फोडला. तेवढ्यात एक सिद्धपुरुष समोर आला आणि त्याने वाटा मागितला. सोहिरोबांनी आधी त्याला गरे दिले. ते होते गहिनीनाथ, आणि तिथेच अनुग्रह झाला. तेव्हा सोहिरोबा पस्तिशीत होते असं सांगतात. म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. आज मुंबई-गोवा हायवेने जाताना इन्सुली कधी मागे पडतं ते कळतही नाही.

त्यानंतर त्यांनी कुलकर्णीपण सोडलं. साधना आणि रचना, दोन्ही एकत्रच चालू झालं. आधी अनुभव, मग शब्द, हा त्यांचा क्रम. पदं त्यांच्या तोंडून सहज निघत आणि बहीण ती लिहून घेई, अशी आठवण परंपरेत आहे. म्हणजे लिहायचं म्हणून ते बसत नसत. आत जे भरून यायचं ते सांडायचं. सिद्धांतसंहिता, अद्वयानंद, पूर्णाक्षरी, अक्षयबोध, महदनुभवेश्वरी हे त्यांचे ग्रंथ. नाथपंथाचा योग आणि अद्वैत असा अवघड विषय, पण पदांची चाल अशी की भजनाला बसलेला साधा माणूसही म्हणू शकेल. हरिभजनाशिवाय वेळ दवडू नये असं सांगणारं त्यांचं पद पं. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात तुम्ही ऐकलं असेलच.

उतारवयात ते उत्तरेकडे गेले. तिकडे हिंदीतही पदं केली. ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांची भेट झाली. महादजी स्वतः कविता करत. त्यांनी आपली कविता दाखवली आणि सोहिरोबांनी ती आवडली नाही असं सरळ सांगून टाकलं, अशी कथा आहे. महादजी रागावले. तेव्हा आपल्याला कोणाची गरज नाही अशा अर्थाचं पद तिथल्या तिथे रचून हा अवधूत निघाला. पुढे उज्जैनला राहिले. १७९२च्या रामनवमीला तिथून जे निघून गेले, ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत असं मानतात.

खरं सांगू? गेल्या महिन्यात अप्रेझलमध्ये रेटिंग कमी आलं आणि माझा जप चार दिवस सुटला. इथे पोस्ट टाकली की तासाभरात किती जणांनी वाचली ते मी तीनदा बघतो. देवाबद्दल लिहायचं आणि डोळा आकड्यांवर! मी कोणाचा दरबार भरवून बसलोय?

नोकरी सोडणं मला जमणार नाही. घराचा हप्ता आहे, आई-बाबा आहेत. पण सोहिरोबांनी नोकरी सोडायच्या आधी, भूक लागलेली असताना हातातले गरे दिले होते. तेवढं तर जमेल. म्हणून आजपासून सात दिवस मी आकडे बघणार नाही. आधी जप, मग लिखाण. तुम्हीही तुमचा एखादा गरा शोधा.

उद्या पुढचा श्लोक. राम कृष्ण हरी!