गांधीजी रोज कमरेला लटकवायचे त्या घड्याळाची बोली १८ लाख डॉलरवर गेली

विश्रांतवाडीहून जेल रोडने निघालं की येरवडा कारागृह लागतं. १९३२ च्या पुणे करारावेळी गांधीजी इथेच कैदेत होते. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, पत्रं, सगळं घड्याळाच्या काट्यावर.

पण पंचा नेसणाऱ्याला खिसा कुठला? म्हणून खिशातलं घड्याळ ते कमरेला लटकवायचे. त्यांच्याकडचं एक झेनिथ कंपनीचं होतं, चांदीचं आणि गजराचं. ते इंदिरा गांधींनी भेट दिल्याचं सांगतात. असं भारी घड्याळ लोक कपाटात ठेवतात, गांधीजी मात्र ते वापरत राहिले. १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात ते चोरीला गेलं आणि काही महिन्यांनी चोरानेच आणून दिलं, असाही किस्सा आहे.

३० जानेवारी १९४८ ला सरदार पटेलांशी बोलता बोलता प्रार्थनेला उशीर झाला, तेव्हा आभाबेनने त्यांना घड्याळच दाखवलं होतं.

झेनिथचं ते घड्याळ पुढे आभाबेनकडे राहिलं. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला चष्मा, चपला, वाटी आणि ताटासोबत त्याचा लिलाव झाला. अंदाज होता २० ते ३० हजार डॉलरचा, बोली थांबली १८ लाखांवर. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींचं घड्याळ घेतलं कुणी? मद्यसम्राट विजय मल्ल्यांनी.