थिओडोर कुक : वसईच्या पुलापासून सह्याद्रीच्या वनस्पतींपर्यंत

मुळशी तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या मुळा व मुठा या नद्या पुण्यात जेथे एकत्र येतात, तेथेच पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. १८६५ ते १८९३ या काळात थिओडोर कुक हे त्याचे प्राचार्य होते.

त्यांचा जन्म १८३६ साली आयर्लंडमधील ट्रॅमोर येथे झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित, विज्ञान व अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६० साली ते रेल्वेचे अभियंता म्हणून भारतात आले. वसईच्या खाडीवरील लोखंडी रेल्वेपूल त्यांच्याच देखरेखीखाली बांधला गेला. वसईकर वाचकांपैकी अनेकांना हे ठाऊक नसावे.

पुण्याची संस्था १८५४ साली सुरू झाली, ती बांधकाम खात्याला दुय्यम कर्मचारी पुरविण्यासाठी. राज्यकर्त्यांची गरज तेवढीच होती. कुक आले तेव्हा तिचे मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा महाविद्यालयात रूपांतर होत होते. त्यांच्या कारकिर्दीत अभियांत्रिकीच्या जोडीला शेती व वनविद्येचे वर्ग निघाले आणि संस्था 'कॉलेज ऑफ सायन्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. पूल बांधणाऱ्याला जमीन आणि झाडेही कळली पाहिजेत, ही दृष्टी आम्हांला त्यांच्या इतर कामांपेक्षा मोठी वाटते. १८८३ साली येथून पदवी घेतलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे खडकवासल्याला मुठेवर स्वयंचलित दरवाजे बसविणार होते.

१८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था स्थापन झाल्यावर पश्चिम विभागाची जबाबदारी कुक यांच्याकडे आली. निवृत्तीनंतर त्यांनी लंडनजवळच्या क्यू येथे बसून मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ दरम्यान प्रसिद्ध झाला. १९१० साली ते निवर्तले.

त्यानंतर दहा-बारा वर्षांतच मुळशीत धरणाचे काम सुरू झाले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरीही मुळेच्या खोऱ्यातील गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. ते खोरे आता कोणालाही पायी फिरून पाहता येणार नाही. धरणांपूर्वीच्या सह्याद्रीत काय उगवत होते हे जाणून घेण्यासाठी अभ्यासकांना कुक यांचाच ग्रंथ उघडावा लागतो.

त्या अभ्यासकांत एक धर्मगुरूही होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी मुळशीशेजारच्या मावळ तालुक्यातील खंडाळ्याचे डोंगर पालथे घातले आणि १९५३ साली तेथील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या प्रमुखपदी गेले. याच संस्थेने १९५८ साली कुक यांचा ग्रंथ पुन्हा छापला.