एकसूत्राचा शोध

विद्युत् व चुंबकत्व ही एकाच क्षेत्राची रूपे होत, हे मॅक्सवेलने १८६५ मध्ये गणिताने दाखविले. गुरुत्वाकर्षणही त्याच सूत्रात ओवण्यासाठी आइन्स्टाइनने आयुष्याची अखेरची तीस वर्षे वेचली. या प्रश्नाचा काशीत व्यासंग करणाऱ्यांत कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर अग्रणी होते. १९०८ साली जन्मलेले नारळीकर केंब्रिजला रँग्लर झाले आणि १९३२ मध्ये मालवीयजींच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापन करू लागले. १९४२ मध्ये साठविलेल्या पुंजीवर गुजरातेतील प्रल्हाद वैद्य हे शिक्षक त्यांच्याकडे आले. प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे त्यांनी शोधलेले उत्तर आज जगभर वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते.

एकीकरण मात्र साधले नाही. विद्युत्चुंबकी व क्षीण बले जोडणाऱ्या सिद्धांतास १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले; गुरुत्वाकर्षण अद्याप अलगच आहे. नारळीकर १९९१ मध्ये निवर्तले. सोलापूरच्या महाविद्यालयांतही फळा, खडू आणि जिज्ञासू विद्यार्थी आहेत. तेथे केवळ परीक्षेपुरते गणित शिकवावयाचे, की न सुटलेले प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे, हे अध्यापकांनीच ठरवावयाचे आहे.